कोलमनच्या नावाने शिमगा

एखाद्या माणसाचे नाव त्याच्या हयातीतच सामान्यनाम व्हावे हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. आणि ते सामान्यनाम एखाद्या दोषाचे असावे हे दुर्भाग्य त्याहूनही थोड्यांच्या. बीबीसीचा क्रीडानिवेदक डेव्हिड कोलमन (१९२६–२०१३) हा त्या दुर्भागी मंडळींपैकी एक. 'प्रायव्हेट आय' या लंडनच्या उपहासपर पाक्षिकाने क्रीडासमालोचकांच्या तोंडून निसटलेल्या विसंगत वाक्यांचे एक सदर चालवले आणि त्याचे नामकरण केले 'कोलमनबॉल्स'. ('बॉल्स'चा इंग्रजी बोलीतला अर्थ येथे 'वायफळ बडबड' एवढाच घ्यावा; दुसरा अर्थ सदरकर्त्यांच्या मनात नव्हता असे मात्र कुणी समजू नये.) १९८२पासून या वाक्यांची पुस्तकेही निघू लागली. पुढे पुढे कोलमन कोण, त्याने काय केले, हे ठाऊक नसणाऱ्यांनाही हा शब्द ठाऊक झाला.

मराठी शिकवणाऱ्यांनी या उठाठेवीत का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की कोलमनची टिंगल करणारी जी दृष्टी आहे ती साहित्याच्या वर्गांतच घडते. इंग्रजीच्या घडते तशीच मराठीच्याही. छापलेले वाक्य हेच खरे वाक्य, आणि बोललेले वाक्य म्हणजे त्याचा कच्चा खर्डा, ही आपली न उच्चारलेली श्रद्धा आहे. 'संज्ञापन कौशल्या'च्या तासाला निवेदकांच्या चुकांच्या याद्या वाचून दाखवल्या जातात, वर्ग खळखळून हसतो, आणि भाषेचे शिक्षण झाले असे सर्वांना वाटते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. कोलमनवर ज्या गुन्ह्याचा खटला चालवला गेला तो गुन्हाच नव्हता. ज्या गुन्ह्याचा चालवायला हवा होता त्याची वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने स्वच्छ, निर्दोष होती. म्हणून ती कुणाच्या यादीत आली नाहीत.

आधी माणूस पाहू. चेशायरमधल्या ऑल्डर्ली एज येथे जन्मलेला कोलमन तरुणपणी मध्यम पल्ल्याचा चांगला धावपटू होता. १९४९मध्ये त्याने मँचेस्टर माइल ही शर्यत जिंकली. पोटापाण्यासाठी तो स्टॉकपोर्टच्या स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाला आणि बावीस वर्षांचा असताना एका प्रांतिक साप्ताहिकाचा संपादक. दुखापतीमुळे धावणे सुटले आणि तो बीबीसीकडे वळला. ६ मे १९५४ रोजी, म्हणजे रॉजर बॅनिस्टरने मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत पार केले त्याच दिवशी, तो प्रथम टीव्हीवर दिसला. १९५८ साली बीबीसीने शनिवारच्या दुपारी 'ग्रँडस्टँड' हा तासन्‌तास चालणारा थेट कार्यक्रम सुरू केला. पहिले काही भाग पीटर डिमॉकने सादर केले आणि मग कोलमन आला, तो १९६८पर्यंत. त्यानंतर 'स्पोर्ट्सनाइट विथ कोलमन'. सत्तरच्या दशकात फुटबॉलच्या एफए कपचे अंतिम सामने. १९७९ ते १९९७ 'अ क्वेश्चन ऑफ स्पोर्ट' ही प्रश्नमंजूषा. आणि या सगळ्यातून वाहणारा मुख्य प्रवाह म्हणजे १९६०च्या रोमपासून २००० सालच्या सिडनीपर्यंत अकरा उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धा. एवढ्या वर्षांत तो किती शब्द बोलला असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. त्याच्या नावावर जमा झालेल्या चुका मात्र बोटांवर मोजून दाखवल्या जातात. पंगतभर जेवून उठायचे आणि दाताखाली आलेल्या दोन खड्यांवरून आचाऱ्याचे नाव ठेवायचे, असा हा न्याय.

'ग्रँडस्टँड'मधली एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ती वाटायलाच हवी. शनिवारी पाचच्या सुमारास देशभरचे फुटबॉलचे सामने संपत आणि त्यांचे निकाल टेलिप्रिंटरवर येऊ लागत. कॅमेरा त्या यंत्रावर रोखलेला असे. अक्षरामागून अक्षर उमटत असे: एका संघाचे नाव, आकडा, दुसऱ्या संघाचे नाव, आकडा. दुसरा आकडा उमटता उमटताच कोलमन सांगे की हा संघ आता गुणतक्त्यात कितव्या जागी गेला, त्याचे ओळीने कितवे सामने अनिर्णित राहिले, किंवा किती आठवड्यांनी त्याला विजय मिळाला. यासाठी हातात संहिता असणे शक्यच नव्हते, कारण संहिता त्याच क्षणी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर लिहिली जात होती. कीर्तनकार उत्तररंगात एखादे आख्यान उभे करतो तेव्हा त्याच्यामागे पाठांतराचा डोंगर असतो. इथेही तो होता, फक्त आख्यान आधी ठरलेले नव्हते. ही मौखिक परंपरेतली विद्या आहे, आणि आपण मौखिकतेवर चर्चासत्रे भरवतो तेव्हा तिचे नावही घेत नाही. टीव्हीवरच्या माणसाला विद्या असते हे मान्य करणे आपल्याला जड जाते. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढेच काय ते त्याचे कर्तृत्व, असे आपण धरून चालतो.

आता त्या 'चुकां'कडे वळू. कोलमनच्या नावावर फिरणारे एक वाक्य केनियाचा धावपटू मोझेस किपटानुई याच्याविषयी आहे. हा एकोणीस वर्षांचा केनियन, जो काही आठवड्यांपूर्वीच वीस वर्षांचा झाला, अशा अर्थाचे ते वाक्य. कागदावर हे हास्यास्पद आहे यात वाद नाही. परंतु ते ऐकण्याच्या क्रमाने पाहावे. समोर पडलेल्या कागदावर वय एकोणीस असे लिहिलेले असते. डोळा ते वाचतो, जीभ ते उच्चारते. आणि नेमक्या त्याच वेळी स्मरणशक्ती सांगते की नाही, याचा वाढदिवस मध्यंतरी होऊन गेला. बोलणाऱ्याला मागे जाऊन खोडता येत नाही. तो एकच गोष्ट करू शकतो, दुरुस्ती पुढे जोडू शकतो. लेखक ज्याला संस्करण म्हणतो तेच हे, फक्त उघड्यावर केलेले. आमच्या या लेखाचेही चार खर्डे झाले आणि त्यांतली हास्यास्पद वाक्ये केराच्या टोपलीत गेली. ती गोळा करायला कुणी टोपलीपाशी बसले नव्हते. (बसले असते तर त्याला पुष्कळ माल मिळाला असता.)

दुसरे असेच वाक्य: आजवरची ही सर्वांत जलद वेळ, पण जागतिक विक्रमाइतकी जलद नाही. पुन्हा कागदावर अडाणीपणा. पण ही 'आजवरची' कुठली? या मैदानावरची, या स्पर्धेतली की या मोसमातली, हे पडद्यावरच्या चित्रावरून आणि आधीच्या दहा मिनिटांच्या बोलण्यावरून ऐकणाऱ्याला कळत असावे. अध्याहृत पदे हा भाषेचा दोष आहे असे आपण कधीपासून मानू लागलो? संस्कृतच्या टीकाकारांनी श्लोकाश्लोकांत 'इति शेषः' म्हणत अध्याहृत पदे भरून काढली आणि कवीला शिव्या दिल्या नाहीत. तो शेष भरण्याइतका आदर आपण निवेदकाला दाखवत नाही, एवढाच फरक.

येथे भाषारचनेचा एक मुद्दा मांडल्यावाचून राहवत नाही. इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याच्या लगेच मागून येते, कर्म आणि बाकीचा पसारा नंतर. म्हणजे शर्यतीचे वर्णन करणाऱ्या इंग्रज माणसाला काय घडते आहे हे पूर्ण दिसण्याआधीच क्रियापदाची बांधिलकी पत्करावी लागते. धावपटू पुढे निघाला असे तो म्हणून बसतो आणि मधल्या अर्ध्या क्षणात धावपटू मागे पडतो. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी. त्यामुळे आपल्या समालोचकाची अडचण उलटी असते: घटना घडून जाते आणि वाक्य क्रियापदापर्यंत पोचलेलेच नसते. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन करणारे बाळ ज. पंडित ज्यांनी ऐकले असतील त्यांना मराठी कानाला ही लय कशी पेलावी लागते याची कल्पना असेल. क्रियापद गाळणे, ते वाक्याच्या तोंडाशी आणणे, नुसत्या नामांवर आणि क्रियाविशेषणांवर वाक्य तोलणे, या सगळ्या युक्त्या मराठीत धावते वर्णन करणाऱ्याला कराव्याच लागतात. 'आणि चेंडू थेट सीमारेषेपार!' या वाक्यात क्रियापद नाही. व्याकरणाच्या पेपरात त्याला शून्य गुण मिळतील. कोणत्या भाषेत बोलणारा कुठे घसरतो हे त्या भाषेच्या घडणीवर अवलंबून असते, आणि हा तर अभ्यासाचा विषय होता. आपण त्याचा विनोद केला.

बरे, विनोद तरी खऱ्या कर्त्याच्या नावावर आहे का? या सगळ्या संग्रहातले सर्वांत गाजलेले वाक्य १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमधले. क्यूबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना, ज्याने ४०० आणि ८०० मीटर या दोन्ही शर्यती एकाच स्पर्धेत जिंकल्या, लांब ढांगा टाकत पुढे झेपावतो, त्या वर्णनात नकळत एक चावट अर्थ डोकावला. ते वाक्य पिढ्यान्‌पिढ्या कोलमनचे म्हणून सांगितले गेले. प्रत्यक्षात ते त्याचा सहकारी रॉन पिकरिंग याचे. मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. 'नामा म्हणे' अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग नामदेवांचा नसतो. विष्णुदासनाम्याची रचना गाथेत मिसळली, हे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. लोकप्रिय नाव लोहचुंबकासारखे असते, आसपासचे सगळे लोखंड त्याला येऊन चिकटते. पण संतांच्या बाबतीत क्षेपक ओळखणे हे पांडित्य आणि समालोचकाच्या बाबतीत क्षेपक पसरवणे हा विनोद, ही दुटप्पी शिस्त कुणी ठरवली? पाठचिकित्सेचे पहिले सूत्र, 'हे कुणी म्हटले, कुठे, कशावरून', वर्गातल्या त्या यादीला कुणी लावत नाही.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे यादी वाचून दाखवणारे आम्हीच पुढच्या तासाला सोस्यूर शिकवतो. भाषेत मूळ स्थान उच्चाराचे, लेखन हे त्याचे केवळ चित्र, असे फळ्यावर लिहितो. सोस्यूर १९१३ साली वारला. ज्या ग्रंथावर त्याची कीर्ती उभी आहे तो त्याने लिहिलाच नाही. त्याची व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून बाली आणि सेशए या दोघांनी तो सिद्ध केला आणि १९१६मध्ये प्रसिद्ध केला. त्या विद्यार्थ्यांनी सिद्धान्त टिपण्याऐवजी गुरुजी कुठे अडखळले, कुठे तेच ते पुन्हा म्हणाले, एवढेच टिपून ठेवले असते तर आधुनिक भाषाविज्ञानाऐवजी जिनिव्हाच्या विनोदी वाक्यांचा एक संग्रह आपल्या हाती आला असता.

उपहासाला कुणी मर्यादा घालावी असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या पगाराच्या, घराघरांत घुसणाऱ्या माणसाची टोपी उडवणे हे उपहासपत्राचे कामच आहे, आणि 'प्रायव्हेट आय'ने सत्ताधाऱ्यांच्या बाबतीत ते धैर्याने केले आहे हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र १९६१ साली ते पत्र काढणाऱ्या इंग्रॅम्स, बुकर, रश्टन प्रभृती तरुणांची ओळख श्रूज्‌बरीच्या खासगी शाळेतली, पुढे त्यांतल्या काहींचे ऑक्सफर्ड-केंब्रिज. कोलमन स्टॉकपोर्टच्या वार्ताहराच्या टेबलावरून आलेला. हेतूचा आरोप आम्हांला करायचा नाही. एवढेच विचारायचे आहे की लेखणीवर ज्यांचा वंशपरंपरेने हक्क, त्यांनी जिभेवर पोट भरणाऱ्याची जीभ तपासावी, हे दृश्य मराठी वाचकाला अगदीच अनोळखी आहे का? 'आनी-पानी' म्हणणाऱ्या मुलाला पाहून पुढच्या बाकांवर पसरणारे हसू आपण ऐकलेले आहे. आपल्यापैकी काहींनी ते सोसलेले आहे.

अर्व्हिंग गॉफमनने १९८१च्या 'फॉर्म्स ऑफ टॉक' या पुस्तकात रेडिओवरच्या बोलण्यावर एक दीर्घ निबंध लिहिला आणि निवेदकांच्या चुकांचाच आधार घेतला. त्यासाठी त्याने वापरलेली सामग्री तीच, लोकांना हसवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांमधली. पण त्याने विचारलेला प्रश्न वेगळा होता. घरात, बाजारात आपण सगळेच सतत अडखळतो, वाक्ये अर्धी सोडतो, शब्द बदलतो, आणि ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. मग निवेदकाच्या बाबतीतच ते का टोचते? कारण त्याच्याकडून आपण एक अशक्य गोष्ट मागतो: तत्काळ सुचलेले वाटावे, पण लिहून काढल्यासारखे निर्दोष असावे. चूक ही त्या मागणीची किंमत. एवढी सूक्ष्म दृष्टी ज्या सामग्रीतून निघू शकते ती सामग्री आपण हशासाठी वापरतो, याचे आम्हांला वाईट वाटते.

आता खऱ्या आरोपपत्राकडे. कोलमनला देवपण देण्याची आमची इच्छा नाही. १९६२च्या विश्वचषकात सान्तियागो येथे चिली आणि इटली यांच्यात जो रणकंदनासारखा सामना झाला त्याची फीत बीबीसीने काही दिवसांनी दाखवली, आणि प्रास्ताविक कोलमनने केले. मूर्खपणाचे, भयंकर, किळसवाणे आणि लाजिरवाणे असे विशेषणांचे चार हातोडे हाणून, या खेळाच्या इतिहासातले बहुधा हेच सर्वांत वाईट प्रदर्शन, असे त्याने सांगितले. या दोन देशांची ही पहिलीच भेट शेवटचीही ठरो, अशी आशा व्यक्त केली. आणि मग सामना दाखवला. वाक्यरचनेत कुठे खोट नाही. उलट वक्तृत्वाचा नमुना म्हणून ती वाक्ये आजही कौतुकाने उद्धृत होतात. पण किळस येते म्हणायचे आणि त्याच श्वासात ताट पुढे सरकवायचे, हा टीव्हीचा पुढे आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेला व्यवहार तिथे किती सफाईने पार पडला आहे! आपल्याकडच्या वृत्तवाहिन्या 'ही दृश्ये विचलित करू शकतात' असे सांगून तीच दृश्ये दहा वेळा फिरवतात, तेव्हा त्या याच घराण्याचे गाणे गात असतात. यावर 'कोलमनबॉल्स' निघाले नाही.

आणि मेक्सिको, १९६८. चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ब्रिटनचा डेव्हिड हेमरी ४८.१२ सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकला. कोलमनचा आवाज त्याच्याबरोबर धावत होता. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकणाऱ्याला खुर्चीच्या कडेवर आणते. हेमरी रेषेपार गेला, दुसरा पश्चिम जर्मनीचा हेनिगे, आणि मग कोलमन म्हणाला, तिसरा कोण आला याची कुणाला पर्वा आहे, त्याने काही फरक पडत नाही. तिसरा आला होता जॉन शेरवूड, तोही ब्रिटनचाच. हेनिगेत आणि त्याच्यात केसाएवढे अंतर. हा किस्सा सांगितला जातो तो 'आपलाच माणूस तिसरा होता, काय फजिती!' अशा सुरात. म्हणजे तिसरा जर्मन, रशियन किंवा केनियन असता तर वाक्य बरोबर ठरले असते! आमचा आक्षेप नेमका इथे आहे. धावपटू असलेल्या, स्वतः दुखापतीने मैदान सोडावे लागलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटाच्या राष्ट्रीय उन्मादात पन्नास सेकंदांच्या शर्यतीतून सात माणसे पुसून टाकली. वाक्य व्याकरणशुद्ध, छोटे, ठसठशीत. त्यात विसंगती नाही, अनेकार्थ नाही. दोष आहे तो दृष्टीचा, आणि दृष्टीचा दोष शोधण्याचे काम तर समीक्षेचे होते. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना तो जाणवला त्यांनाही तो शेरवूडच्या पारपत्रामुळे जाणवला.

५ सप्टेंबर १९७२ला मात्र हाच माणूस वेगळा दिसतो. म्युनिकच्या क्रीडाग्रामात इस्रायली पथकातल्यांना ओलीस धरण्यात आले. बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर होता तो क्रीडानिवेदक. कोलमन कित्येक तास बोलत राहिला. माहिती तुटपुंजी, अफवा उदंड. त्याच रात्री सगळे ओलीस सुटल्याची खोटी बातमी जगभर गेली, आणि सत्य बाहेर आले तेव्हा अकराजण मेलेले होते. ज्याच्याकडे सांगण्यासारखे निश्चित असे जवळजवळ काहीच नाही, पण ज्याला गप्पही बसता येत नाही, अशा अवस्थेत माणसाची भाषा कशी वागते? विशेषणे कुठे थांबतात, 'असे समजते', 'असे दिसते' ही पदे वाक्यात किती वेळा आणि कुठे येतात, थांबणे किती लांबते? हेमरीच्या विजयात तिसऱ्याची पर्वा न करणारा आवाज इथे कोणती पर्वा करतो? एम.ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हा घ्यावा. चुकांची यादी चार पानांत संपते; या काही तासांना चार वर्षे पुरणार नाहीत.

कोलमन २०००च्या सिडनी ऑलिंपिकनंतर थांबला. निरोपाचा समारंभ नाही, जाहीर घोषणा नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला 'ऑलिंपिक ऑर्डर' दिली. 'प्रायव्हेट आय'ने पुढे सदराचे नाव बदलून 'कॉमेंटेटरबॉल्स' केले. म्हणजे एका माणसावरचा आळ उतरला आणि तो सगळ्या जमातीवर ठेवला गेला. आमच्या विद्यापीठांतल्या संज्ञापन कौशल्यांच्या टिपणवह्यांत मात्र, आम्ही पाहतो तर, हुआंतोरेनाचे ते वाक्य अजूनही कोलमनच्याच नावावर आहे, आणि त्याखाली प्रश्न असतो: 'वरील वाक्यातील चूक दुरुस्त करून लिहा.'